दोन मतांची निवडणूक : भंडारा, १९५४

मे १९५४च्या आरंभी भंडारा लोकसभा मतदारसंघात झालेली पोटनिवडणूक डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या दुसऱ्या पराभवासाठी लक्षात राहिली आहे. त्या पराभवाची कारणे शोधताना प्रचारातील भाषणे, जातींची गणिते आणि पक्षांचे बळ यांची चर्चा नेहमी होते. पण या सगळ्यांच्या आधी विचारात घ्यावी अशी एक गोष्ट मागे राहते, ती म्हणजे मते देण्याची आणि मोजण्याची रीत. एका मतदाराच्या हाती किती मते असावीत, उमेदवार कोणी निवडावा आणि दुर्बल समाजासाठी राखून ठेवलेल्या जागेवरचा प्रतिनिधी नेमका कोणाच्या मतांनी निवडून यावा, हे प्रश्न त्याच वर्षांत अमेरिकेतही कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या निमित्ताने धुमसत होते. दोन्ही देशांचा हा अनुभव शेजारी ठेवून पाहिला, तर भंडाऱ्याचा निकाल एका थोर माणसाच्या दुर्दैवापुरता उरत नाही.

भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आजचा गोंदिया जिल्हाही १९९९पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता. तलावांच्या पाण्यावर पिकणारे धान, उन्हाळ्यात जंगलातून गोळा होणारी तेंदूपाने, त्या पानांवर चालणारा बिडीचा धंदा, तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी आणि हातमाग यांवर येथील माणसांचे पोट चालत असे. मोहाडीजवळचे आंधळगाव हे त्यांपैकी हातमागाचे गाव. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसाकिडे वाढवण्याचे काम मुख्यतः ढिवर समाजाकडे आणि त्या कोशाच्या सुताचे विणकाम कोष्ट्यांकडे, अशी या भागातली जुनी वाटणी होती.   विदर्भातील महार समाजाचेही जाडेभरडे कापड विणणे हे एक मोठे साधन होते. गिरणीच्या कापडाने ते मोडल्यावर अनेक कुटुंबे नागपूर-कामठीच्या गिरण्यांकडे आणि बिडी कारखान्यांकडे वळली. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला, म्हणजे अनुसूचित जातींच्या त्यांनी स्थापलेल्या पक्षाला, विदर्भात जो भक्कम आधार मिळाला तो याच गिरण्या, कारखाने आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागा ४०१ मतदारसंघांतून भरायच्या होत्या. त्यांपैकी ३१४ मतदारसंघ एका सदस्याचे होते, ८६ दोन सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा. द्विसदस्यीय मतदारसंघात सामान्यतः एक जागा सर्वांसाठी खुली आणि दुसरी अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव असे, मात्र मतदार सगळे एकच असत. यालाच संयुक्त मतदारसंघ म्हणतात. प्रत्येक मतदाराला दोन मते मिळत आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत.

मतदानाची तेव्हाची पद्धत आजच्यापेक्षा फार वेगळी होती. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नसत आणि शिक्काही मारायचा नसे. प्रत्येक उमेदवारासाठी एक लोखंडी पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. बोटाला शाई लावून घेतलेला मतदार हातात दोन कागद घेऊन आडोशामागे जाई आणि तेथे ओळीने मांडलेल्या पेट्यांपैकी कोणत्याही दोन पेट्यांत एकेक कागद टाकी. काँग्रेसचे चिन्ह जू घेतलेली बैलजोडी होते, फेडरेशनचे हत्ती. दोन्ही कागद एकाच पेटीत पडले तर त्यांची दोन मते धरली जात नसत. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहुसंख्य मतदारांसाठी ही सोय होती, यात शंका नाही. पण आडोशामागे आपला दुसरा कागद कोणत्या पेटीत टाकायचा, की टाकायचाच नाही, हा निर्णय मतदाराने एकट्याने आणि क्षणभरात घ्यायचा असे, आणि या दुसऱ्या कागदावरच पुढे बरेच काही अवलंबून राहिले.

जागावाटपाचा नियम असा होता की मतमोजणीनंतर आधी राखीव जागा भरायची, म्हणजे अनुसूचित जातीच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला ती द्यायची. त्यानंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याची मते सर्वाधिक त्याला खुली जागा. त्यामुळे राखीव जागेसाठी अर्ज भरलेल्या दुसऱ्या उमेदवारालाही, त्याची मते पुरेशी असल्यास, खुल्या जागेवर निवडून येता येत असे. १९५७मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे नेमके असेच घडून, पुढे राष्ट्रपती झालेल्या व्ही. व्ही. गिरी यांचा पराभव झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५९मध्ये तो निकाल वैध ठरवला. हा नियम नीट लक्षात घेतल्याशिवाय भंडाऱ्यातील मतांचे राजकारण समजत नाही.

डॉ. आंबेडकरांचा पहिला पराभव याच पद्धतीत, जानेवारी १९५२मध्ये, उत्तर मुंबईच्या द्विसदस्यीय मतदारसंघात झाला होता. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे जोडीदार होते आणि राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे १४ हजार मतांनी निवडून आले. त्या निवडणुकीत ७४ हजारांहून अधिक मते बाद ठरली. मतदाराने एक मत आपल्या माणसाला देऊन दुसरे मुद्दाम वाया घालवावे, असा प्रचार विरोधकांनी केल्याची तक्रार घेऊन आंबेडकर आणि मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले, पण तेथे त्यांना यश आले नाही. मराठी राजकारणात या प्रकाराला ‘मत कुजवणे’ असा अगदी नेमका शब्द रूढ झाला. धान्य पेवात राहून कुजावे तसे मत हाती असून कोणाच्याच कामी येत नाही, हा त्याचा भाव. पराभवानंतर आंबेडकर मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले, तरी लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहात राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला जागा नव्हती, ही उणीव त्यांच्या अनुयायांना बोचत राहिली.

त्याच वर्षी ५ जून रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने आंबेडकरांना डॉक्टर ऑफ लॉज ही सन्मान्य पदवी दिली. १९१३ ते १९१६ या काळात ते तेथे शिकले होते आणि अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन व तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या वर्गांत बसले होते. १९५२च्या त्या समारंभाच्या वेळी विद्यापीठाचे अध्यक्षपद नावापुरते जनरल ड्वाइट आयझेनहॉवर यांच्याकडे होते. पण ते पदवीदानाच्या आदल्याच दिवशी, ४ जूनला, कॅन्सस राज्यातील अबिलीन या आपल्या गावी रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीचे पहिले जाहीर भाषण करत होते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठी अनेक राज्यांत ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक निवडणूक होते आणि पक्षाचे सामान्य मतदारच तीत मत देतात. मार्च १९५२मध्ये न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीत, आयझेनहॉवर स्वतः युरोपात असतानाही, त्यांच्या नावाने सिनेटर रॉबर्ट टाफ्ट यांना मागे टाकले. डेमोक्रॅटिक पक्षात तर खुद्द राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन हे सिनेटर एस्टिस केफोव्हर यांच्याकडून तेथे हरले आणि महिनाअखेर त्यांनी पुन्हा न लढण्याचे जाहीर केले. राष्ट्राध्यक्षालाही आपल्याच पक्षाच्या मतदाराने घरी पाठवावे, ही प्रायमरीची ताकद होय.

परंतु हीच प्रायमरी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना वगळण्याचे हत्यार बनली होती. तेथे डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळणे म्हणजे निवडून येणेच असे. म्हणून पक्षाने प्रायमरी फक्त गोऱ्यांसाठी ठेवली की नोव्हेंबरमधल्या खऱ्या निवडणुकीत कृष्णवर्णीयाचे मत असून नसल्यासारखे होई. टेक्सासमधून आलेल्या स्मिथ विरुद्ध ऑलराइट या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४४मध्ये ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. अंतिम मतदानाआधी उमेदवार कोण ठरवतो हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती निवडणूक, हा त्या लढ्याचा गाभा होता.

मराठी वाचकाला हा गाभा परका नाही, कारण सप्टेंबर १९३२च्या पुणे करारात प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. अस्पृश्य मतदारांनीच आधी प्रत्येक राखीव जागेसाठी चार उमेदवारांची यादी निवडायची आणि मग त्या चौघांपैकी एकाला सर्व हिंदू मतदारांनी मिळून निवडून द्यायचे, अशी ती रचना होती. विभक्त मतदारसंघांची, म्हणजे अस्पृश्यांनी आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी निवडण्याची मागणी सोडताना आंबेडकरांच्या पदरात पडलेली ही एक मोलाची तरतूद होती. पण ती दहा वर्षांपुरतीच होती आणि स्वतंत्र भारताच्या घटनेत ती उरली नाही. त्यानंतर राखीव जागेवर कोण उभा राहणार हे पक्षांच्या तिकीटवाटपात ठरू लागले आणि कोण निवडून येणार हे त्या मतदारसंघातील बहुसंख्य सवर्णांच्या मतांवर. मुंबई इलाख्यात १९३७च्या निवडणुकीत मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. तिला संचयी मतदान म्हणतात. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाला त्या पद्धतीत चांगले यश मिळाले. अमेरिकेतील इलिनॉय राज्यानेही १८७०पासून १९८०पर्यंत आपल्या कनिष्ठ सभागृहासाठी हीच पद्धत चालवली आणि तिच्यामुळे अल्पमतातील पक्षालाही प्रत्येक भागातून जागा मिळत गेली. १९५१च्या भारतीय कायद्याने मात्र दोन मते दोघांनाच देण्याचे बंधन घातले.

भंडाऱ्यात पोटनिवडणूक का घ्यावी लागली, त्याची हकीकत न्यायालयीन इतिहासातही महत्त्वाची आहे. १९५२मध्ये येथून काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी खुल्या आणि तुळाराम साखरे राखीव जागेवर निवडून आले होते. मोरेश्वर परशराम आणि इतर मतदारांनी त्या निवडणुकीला आव्हान दिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पहिला आक्षेप जसानींवर होता. ते मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी तयार करणाऱ्या पेढीचे भागीदार होते आणि त्या पेढीचा लष्करी कँटीनसाठी सरकारला बिड्या पुरवण्याचा व्यवहार निवडणुकीच्या काळात चालू होता. सरकारशी मालपुरवठ्याचा करार असणारा माणूस कायद्याने निवडणुकीस अपात्र ठरत होता. दुसरा आक्षेप गंगाराम ठवरे यांच्या उमेदवारी अर्जाचा होता. राखीव जागेसाठी त्यांनी भरलेला अर्ज छाननीत नाकारला गेला होता, कारण ते महार असले तरी महानुभाव पंथात गेले होते, म्हणून ते आता महार राहिले नाहीत, असे ठरवण्यात आले होते.

या दुसऱ्या आक्षेपाचा विचार करताना न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांना तेराव्या शतकातील चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथापर्यंत जावे लागले. चक्रधरांच्या शिष्यांपैकी निळभट भांडारेकार हे याच भंडाऱ्याच्या नावाने ओळखले जातात, हे ध्यानात घेतले की त्या पंथाविषयीचा वाद याच मतदारसंघातून दिल्लीला जावा याचे नवल वाटत नाही. बोस यांनी तीन कसोट्या मांडल्या : माणसाने पंथ बदलल्यावर त्याच्या जुन्या जातीने त्याच्याशी कसे वागणे ठेवले, त्या माणसाचा स्वतःचा हेतू काय होता, आणि नव्या पंथाचे नियम जुने संबंध तोडायला लावतात की नाही. गंगाराम यांनी महार म्हणवून घेणे सोडले नव्हते, जातीनेही त्यांना टाकले नव्हते आणि पंथात जात राखून राहण्यास वाव होता. म्हणून ते महारच राहिले आणि त्यांचा अर्ज चुकीने नाकारला गेला, असा निष्कर्ष निघाला. जसानी अपात्र ठरले. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी संपूर्ण निवडणूकच रद्दबातल झाली आणि दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

त्यांपैकी राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकर उभे राहिले. खुल्या जागेवर पुन्हा अशोक मेहता होते, मात्र आता ते झोपडी हे चिन्ह असलेल्या प्रजा समाजवादी पक्षाचे उमेदवार होते. राखीव जागेवर काँग्रेसने भाऊराव बोरकर यांना उभे केले. तेंदूपानांच्या तोडणीचा आणि रणरणत्या उन्हाचा तो मोसम. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर झालेले आंबेडकर त्या उन्हात जिल्हाभर फिरले आणि नेहरू सरकारच्या कारभारावर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर, त्यांनी परखड टीका केली. सरकारमधून बाहेर पडताना १९५१मध्येच त्यांनी परराष्ट्र धोरण हे आपल्या राजीनाम्याचे एक कारण सांगितले होते. भारताने पाश्चात्त्य लोकशाही राष्ट्रांपासून इतके दूर राहू नये, हे मत त्यांनी ऑगस्ट १९५४मध्ये राज्यसभेतही मांडले. धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आणि बिडी वळणाऱ्या बाईला हे मुद्दे किती भिडले असतील हा प्रश्न रास्त आहे, पण मतदार अडाणी आहे म्हणून त्याला जगाच्या गोष्टी सांगू नयेत असे आंबेडकरांना कधीच वाटले नाही, आणि त्यांच्या या विश्वासाचे मोल निकालावरून ठरवू नये.

निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले होते आणि आंबेडकर हरले होते. आंबेडकरांना एक लाख ३२ हजारांवर मते मिळाली आणि बोरकर त्यांच्यापेक्षा सुमारे आठ हजार मतांनी पुढे राहिले. एकाच मतदारसंघात, एकाच निवडणुकीत, एकाच आघाडीचे दोन उमेदवार उभे असताना एक निवडून यावा आणि दुसरा पडावा, याचा साधा अर्थ असा की मेहतांच्या पेटीत पहिला कागद टाकणाऱ्या बऱ्याच मतदारांचा दुसरा कागद हत्तीपर्यंत पोहोचलाच नाही. तो बैलजोडीच्या पेटीत पडला किंवा कुजला. फेडरेशनचा मतदार मेहतांना मत देत होता, पण मेहतांचा प्रत्येक मतदार आंबेडकरांना मत देत नव्हता. पुणे करारापासून आंबेडकर ज्या धोक्याविषयी लिहीत आले होते, की संयुक्त मतदारसंघात राखीव जागा अस्पृश्यांची असली तरी तिच्यावरचा माणूस सवर्णांना पसंत असलेलाच निवडून येतो, तो धोका येथे खुद्द त्यांच्याच बाबतीत मोजून दाखवता येण्यासारखा खरा ठरला.

आंबेडकरी चळवळीत आजही सांगितली जाणारी आठवण अशी आहे की, कार्यकर्त्यांनी आपल्या मतदारांचे दुसरे मत कुजवण्याचा सल्ला दिला होता आणि तो बाबासाहेबांनी साफ नाकारला. जागावाटपाचा जो नियम वर सांगितला, त्याच्या प्रकाशात हा सल्ला निव्वळ हट्टाचा नव्हता. फेडरेशनच्या मतदारांनी मेहतांना मत न देता फक्त आंबेडकरांच्या पेटीत कागद टाकला असता तर मेहतांची मते घटली असती आणि राखीव जागा बोरकरांकडे गेली तरी खुल्या जागेसाठी आंबेडकरांचा क्रमांक लागण्याची शक्यता निर्माण झाली असती. राज्यघटनेने ज्या लोकांच्या हाती पहिल्यांदाच मत दिले, त्यांना तेच मत वाया घालवण्यास तिच्या मसुद्याचा शिल्पकार सांगू शकत नव्हता, हा त्या नकाराचा अर्थ चळवळीने जपला आहे आणि तो त्यांच्या साऱ्या आयुष्याशी सुसंगत आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र कृष्णवर्णीय मतदारांनी हाच मार्ग जाणीवपूर्वक स्वीकारला होता. एकाच निवडणुकीत नगरपरिषदेच्या पाच जागा भरायच्या असतील तर गोरे मतदार पाच मते पाच गोऱ्यांना देत. कृष्णवर्णीय मतदार आपले एकच मत आपल्या एकमेव उमेदवाराला देऊन उरलेली चार मते मुद्दाम देत नसत, म्हणजे त्यांच्या मतांनी प्रतिस्पर्ध्यांची मतसंख्या वाढत नसे. याला तेथे ‘सिंगल-शॉट’ मतदान म्हणत. ही युक्ती इतकी परिणामकारक होती की अलाबामा राज्याने १९५१मध्ये आणि नॉर्थ कॅरोलिनाने १९५५मध्ये तिच्याविरुद्ध कायदे केले. जितक्या जागा तितकी सर्व मते न देणाऱ्याची मतपत्रिकाच बाद, असा त्यांचा रोख होता. मुंबई-भंडाऱ्यात जो प्रकार मत कुजवणे म्हणून निंदेचा विषय झाला, त्याच प्रकारावर बंदी घालून तेथील गोऱ्या सत्तेने अल्पसंख्याकांच्या हातचे एकमेव साधन काढून घेतले. एकच कृती कोणाच्या हाती आहे आणि कोणाविरुद्ध आहे, यावर तिचा अर्थ किती पालटतो, हे या दोन उदाहरणांतून जितके कळते तितके तत्त्वचर्चेतून कळत नाही.

भंडाऱ्याच्या मतदानाला फार दिवस झाले नव्हते, तोच १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला भक्कम संरक्षण देणारा कायदा यायला मात्र १९६५ उजाडले, आणि प्रतिनिधिगृहासाठी एका जागेचाच मतदारसंघ असावा असे बंधन तेथील संसदेने १९६७मध्ये घातले. भारताने हे त्याआधीच, १९६१च्या कायद्याने, केले होते : सर्व द्विसदस्यीय मतदारसंघ मोडून राखीव आणि खुले मतदारसंघ वेगळे काढण्यात आले.

भाऊराव बोरकर लोकसभेत फार काळ राहू शकले नाहीत. त्यांच्या निधनानंतर १९५५मध्ये भंडाऱ्यात पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि त्यांच्या पत्नी अनुसयाबाई बोरकर निवडून आल्या. डॉ. आंबेडकरांनी त्यानंतर लोकसभेची निवडणूक लढवली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि भंडाऱ्यातील त्यांच्या मतदारांपैकी असंख्य लोक त्या वाटेने गेले. गंगाराम ठवरे यांच्या निमित्ताने न्यायालयाने सोडवलेला प्रश्न, पंथ बदलल्यावर माणूस आपल्या जातीचा राहतो की नाही, तो आता लाखोंचा झाला, आणि यावेळी उत्तर उलट आले. कारण राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता, आणि १९५६नंतर शिखांसह, मर्यादित ठेवला होता. नागपूर जिल्ह्यातील उमरेडच्या राखीव जागेवरून १९६२मध्ये विधानसभेत गेलेल्या डी. पी. मेश्राम यांची निवड, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारल्याचे सिद्ध झाले म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. बौद्धांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला तो १९९०मध्ये.